बोडीची पाळ आणि अर्जाचा कागद

एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात एक बोडी आहे. गावाचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण तशी बोडी आणि तशी हकिकत पुष्कळ गावांत सापडेल. बोडी म्हणजे लहान तळे. डोंगरावरून येणारा नाला अडवून जुन्या माणसांनी मातीची पाळ घातली. पावसाळ्यात बोडी भरते. तिच्या पाण्यावर खालच्या बांध्यांतले धान पिकते. उन्हाळ्यात गुरे तिथे पाणी पितात. रात्री जंगलातली जनावरेही येतात.

बोडीच्या वरच्या अंगाला पूर्वी दाट रान होते. पुढे ते विरळ झाले. दर उन्हाळ्यात वणवा फिरू लागला. पालापाचोळा जळून गेला, की जमीन उघडी पडते. पहिल्या पावसात ती माती वाहते. ती सारी बोडीत येऊन बसली आणि बोडी उथळ झाली. पाणी पाळीवरून जाऊ लागले आणि पाळ एका जागी खचली.

काय करायला पाहिजे, हे गावाला ठाऊक होते. ते सांगायला बाहेरून कुणी येण्याची गरज नव्हती. गाळ काढावा, पाळ बांधावी, वरच्या उतारावर आडवे चर खणावेत, मोह, चारोळी, आवळा, बांबू लावावा आणि काही वर्षे तिथे वणवा शिरू देऊ नये. गोटुलाजवळच्या बैठकीत एका संध्याकाळी हे सगळे ठरले. मग प्रश्न आला पैशाचा. कुणी म्हणाले, "सरकारात योजना आहे ना, अर्ज करा." अर्ज केला. तो तीनदा परत आला.

पहिल्या वेळी वर लिहिले होते, "जागेचा गट क्रमांक नमूद नाही." दुसऱ्या वेळी, "ग्रामसभेचा ठराव व उपस्थिती जोडलेली नाही." तिसऱ्या वेळी, "अंदाजपत्रक नाही." तिन्ही वेळा गावातला माणूस तालुक्याला गेला आणि परत आला. आतल्या गावाहून एटापल्लीला येणे म्हणजे काय, ते तिथल्याच माणसाला विचारावे. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे दिवस, त्यात एक दिवस गेला म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. तिसरा कागद हाती पडला तेव्हा मृग लागला होता. त्या पावसाळ्यात पाळ फुटली आणि खालच्या बांध्यांत रेती भरली.

गावातले एक आजोबा आम्हाला म्हणाले, "बोडी आमच्या आज्यानं बांधली. तिचा नंबर आमाले काय मालूम?"

आता, कारकुनाने मागितलेल्या तिन्ही गोष्टी लागतात, हे खरे आहे. पण त्या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या. आमच्या मते अर्ज अवघड होतो तो इथे. मागणी मोठी असते म्हणून नाही, तर मागणी तुकड्यातुकड्याने सांगितली जाते म्हणून. तेव्हा अर्ज म्हणजे काय, तो काय विचारतो आणि त्यातले काय आपण सांगायचे, काय कचेरीने भरायचे, हे आपणच आधी समजून घेऊ.

सरकारी पैसा खर्च झाला, की त्याचा हिशेब तपासला जातो. तपासणारा माणूस दूर नागपुरात बसलेला असतो. त्याने आपली बोडी पाहिलेली नसते. त्याच्यापुढे फक्त कागद असतात. म्हणून कागदाने त्याला पाच गोष्टी सांगाव्या लागतात. मागतो कोण? जागा कोणती आणि कोणाच्या ताब्यातली? काम काय करणार? खर्च किती येणार? आणि काम झाल्यावर ते राखणार कोण? कोणत्याही योजनेचा अर्ज घ्या, तो दोन पानांचा असो की बारा पानांचा, त्यात फिरून फिरून हेच पाच प्रश्न असतात.

यातला सर्वांत घोटाळ्याचा प्रश्न जागेचा. आपण जागा नावाने ओळखतो. अमक्या झऱ्याजवळची, तमक्या देवाच्या झाडाखालची. कचेरी जागा नंबराने ओळखते. त्यातही दोन प्रकार आहेत. शेतीच्या व महसुलाच्या जमिनीला गट क्रमांक असतो. तो तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर मिळतो. (तलाठ्याला आता सरकारी कागदात ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात तो तलाठीच आहे.) जंगलाच्या जमिनीला मात्र वनखात्याचा कक्ष क्रमांक असतो. तो वनरक्षकाच्या नकाशावर असतो. आमच्या गावाची बोडी जंगलात होती. तिला गट क्रमांक नव्हताच. जो नंबर नाही तो गाव दोन महिने शोधत बसले! अर्जाच्या छापील कागदावर "गट क्रमांक किंवा कक्ष क्रमांक" एवढे लिहिलेले असते, तर ही फेरी वाचली असती.

आणि गंमत पाहा. तो कक्ष क्रमांक गावातच होता. पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला.

तो कसा, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जंगलात राहणाऱ्या लोकांकडे जंगलाचा कागद नव्हता. इंग्रजांनी १८७८ साली आणि पुन्हा १९२७ साली जंगलाचे कायदे केले आणि जंगल सरकारचे झाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी माणसे आपल्याच रानात चोर ठरली. पुढे २००६ साली संसदेने वनहक्काचा कायदा केला. हा अन्याय झाला होता, असे त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिले आहे. या कायद्याने गावाला आपले सामूहिक वन मागता येते. नुसते वापरायला नाही. त्याचे रक्षण करणे, ते पुन्हा वाढवणे, जतन करणे आणि त्याचा कारभार पाहणे, हा गावाचा हक्क आहे. "पुन्हा वाढवणे" हे शब्द ध्यानात ठेवा. उजाड उतार पुन्हा हिरवा करणे ही गावाने सरकारकडे मागितलेली भीक नव्हे, तो गावाचा हक्कच आहे.

हा हक्क मागायचा एक छापील अर्ज आहे. २०१२ साली नियम सुधारले तेव्हा तो आला. त्याला नमुना क म्हणतात. आम्ही अनेक सरकारी अर्ज पाहिले, पण इतका समजूतदार अर्ज क्वचितच पाहिला. गावाचे नाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा. ग्रामसभेच्या सभासदांची यादी वेगळ्या कागदावर. मग जागेचा नंबर, आणि त्यापुढे लिहिले आहे की असल्यास व माहीत असल्यास! म्हणजे नंबर माहीत नसेल तरी अर्ज अडत नाही. मग शेजारच्या गावांची नावे. सीमा कोणाला लागून आहे आणि कोणाबरोबर जंगल वाटून वापरता, तेही तिथे लिहिता येते. शेवटी पुराव्यांची यादी आणि सह्या किंवा अंगठे. संपला अर्ज.

पुरावा कोणता चालतो? गावाला जो माहीत असतो तोच चालतो. गुरे चारायची जागा, कंदमुळे व फळे गोळा करायची जागा, मासे धरायची जागा, पाण्याचे झरे, मसणवट, देवाची जागा. आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले, लिहून घेतलेले बोलणे. फक्त पुरावा एकापेक्षा जास्त हवा. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची भाषा माडिया. आजीने माडियात सांगितले आणि शाळेत गेलेल्या नातीने ते मराठीत लिहिले, तर तो पुरावा होतो. एकच विशिष्ट कागद आणा, असा हट्ट वरच्या समितीने धरू नये, हेही २०१२ च्या नियमांत लिहिले आहे. कोरे नमुने लोकांना सहज आणि फुकट मिळाले पाहिजेत, आणि जंगलाचे व महसुलाचे नकाशे ग्रामसभेला दिले पाहिजेत, ही जबाबदारी उपविभागीय समितीची आहे.

म्हणजे साधा अर्ज करता येतो. सरकारने तो करून दाखवला आहे. गावाला जे ठाऊक आहे ते गावाला विचारावे, आणि जे कचेरीच्या कपाटात आहे ते कचेरीने काढावे. एवढेच त्याचे तत्त्व आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळवला. तो देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी एक होता. त्या वेळी नमुना क निघालाही नव्हता. हक्क मिळूनही बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचाच लागे. तो परवाना देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ चा एप्रिल उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला. तिथे लोकांनी आपणहून तेंदूपत्ता तोडणे बंद केले, कारण पत्त्यासाठी झाडे छाटतात आणि नवी पालवी फुटावी म्हणून रान पेटवतात. बांबूच्या पैशावर गाव चालेल, पण वणवा नको, असे त्यांनी ठरवले. गडचिरोली जिल्ह्यात पुढे हजाराहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले.

आमच्या गावालाही मिळाला होता. हक्काच्या पट्ट्यावर जिल्हाधिकारी, विभागीय वनाधिकारी आणि आदिवासी कल्याण अधिकारी अशा तिघांच्या सह्या असतात. त्यावर गावाच्या वनाच्या सीमा लिहिलेल्या असतात, आणि कक्ष क्रमांकही. पट्टा मिळाला त्या दिवशी मोठा कार्यक्रम झाला, फोटो झाले. मग कागद खराब होऊ नये म्हणून तो पेटीत गेला, आणि त्यावर काय लिहिले आहे ते कुणी वाचलेच नाही. वाचायला शिकण्याचा उपयोग कशाला, असे कुणी विचारले की आम्हाला ही पेटी आठवते. तुमच्या गावचा पट्टा असेल तर आज संध्याकाळी काढा आणि मोठ्याने वाचा.

दुसरी गोष्ट ठरावाची. ठराव म्हणजे बैठकीत ठरले ते लिहून काढणे. आमच्या गावात बैठक झाली होती, सगळे हजर होते, पण वहीत लिहिले नव्हते. कचेरीच्या लेखी मग ती बैठक झालीच नाही. ठरावात तारीख पाहिजे, जागा पाहिजे, किती बाया आणि किती पुरुष हजर होते ते पाहिजे, कुणी सूचना मांडली, कुणी पाठिंबा दिला ते पाहिजे, आणि खाली सह्या-अंगठे. वनहक्काच्या कामासाठी भरलेल्या ग्रामसभेत निम्मे सभासद हजर लागतात. पूर्वी दोन तृतीयांश लागत. २०१२ मध्ये ते निम्मे केले. हजर असलेल्यांत निदान तिसरा हिस्सा बाया असल्याच पाहिजेत. बायांची हजेरी नंतर घरोघर फिरून वहीत भरू नका. पाणी कुठे आटते आणि मोहफूल कुठे कमी झाले, ते त्यांनाच आधी कळते.

तिसरी गोष्ट अंदाजपत्रक. हा शब्द ऐकला की माणसे घाबरतात. त्याचे दोन भाग आहेत. माप गावाचे, दर सरकारचा. दर आपण ठरवायचा नाही. तो सरकारच्या दरसूचीत असतो, आणि अंदाजपत्रक तयार करणे व त्याला तांत्रिक मान्यता देणे हे अभियंत्याचे काम आहे. तेव्हा "अंदाजपत्रक नाही" म्हणून अर्ज परत आला, तर घरी बसू नये. "आमच्या जागेची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करून द्यावे" असे एक पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

माप मात्र आपण करू शकतो. केलेले बरे, कारण मग अभियंत्याला आपल्याशी बोलावे लागते. एक दोरी घ्या. तिला दर मीटरला गाठ मारा. बोडीची लांबी ४० मीटर भरली, रुंदी ३० मीटर भरली असे समजा. गाळ किती खोल आहे? एका जागी काठी खुपसून चालत नाही, कारण कडेला गाळ कमी आणि मधे जास्त असतो. पाच जागी काठी खुपसा. ३०, ५०, ७०, ६० आणि ४० सेंटिमीटर निघाले. बेरीज २५०. पाचाने भागले की ५०. म्हणजे सरासरी अर्धा मीटर. आता ४० गुणिले ३० म्हणजे १२००, त्याचे अर्धे ६००. काढायचा गाळ ६०० घनमीटर. चराचेही तसेच. चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि १०० मीटर लांब असेल, तर माती १८ घनमीटर निघते. अशी दहा चरे असली तर १८०. हा हिशेब अर्जाला जोडला, की कचेरीतला माणूस कागद बाजूला टाकताना दोनदा विचार करतो.

पैसा कोठून मागावा? मजुरीच्या कामाला महाराष्ट्रात रोजगार हमीचा आधार जुना आहे. १९७२ च्या दुष्काळात ती कामे वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात मजुरीला निदान ६० आणि साहित्याला फार तर ४० अशी वाटणी होती, म्हणून चर, गाळ, झाडे अशी हातांची कामे त्यात चांगली बसत. २०२५ च्या अखेरीस त्या कायद्याच्या जागी येणारा नवा कायदा संसदेने संमत केला. तेव्हा जुना छापील नमुना कुणी हातात दिला, तर तो आज चालतो का, हे ग्रामपंचायतीत विचारूनच भरा.

पण एक पैसा असा आहे की त्यासाठी वर अर्ज करावा लागत नाही, आणि नेमका तोच पुष्कळांना ठाऊक नसतो. एटापल्ली तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. २०१५ पासून महाराष्ट्र शासनाने आदिवासी विकासाच्या निधीतला ५ टक्के वाटा अशा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याची पद्धत सुरू केली. त्याला अबंध निधी म्हणतात. अबंध म्हणजे न बांधलेला. कोणते काम करायचे ते ग्रामसभा ठरवते. वनहक्क आणि पेसा कायद्याची अंमलबजावणी, आरोग्य व शिक्षण, आणि वन, वन्यजीव व पाणी यांचे जतन, ही कामे त्यात बसतात. वणवा अडवण्यासाठी जंगलात रुंद पट्टा झाडून साफ करतात, त्याला जाळरेषा म्हणतात. रोपांना कुंपण, राखणदाराची मजुरी, असली लहान कामे मोठ्या योजनेच्या दारात ताटकळत ठेवण्यापेक्षा इथून केलेली बरी, असे आम्हाला वाटते. आपल्या गावाच्या वाट्याला किती आले आणि कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारायचा प्रत्येकाला अधिकार आहे. विचारताना संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. तरी विचारावे.

जागा जंगलाची असली तरी लहान तळे किंवा पाणी साठवण्याचे काम त्यावर करता येते. वनहक्क कायद्यात अशा तेरा सोयी मोजून दिल्या आहेत. जागा एक हेक्टरपेक्षा कमी लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे पाडावी लागू नयेत आणि ग्रामसभेने शिफारस केलेली असावी, एवढ्या अटी आहेत. "जंगलाची जागा आहे, होणार नाही" असे तोंडी उत्तर मिळाले, तर ते लेखी मागा.

लेखी मागणे आणि पोच घेणे, यात कमीपणा नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. महाराष्ट्रात २००५ सालचा दिरंगाईचा कायदा आहे. त्याप्रमाणे फाईल एका टेबलावर साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. आणि अर्जाचे काय झाले ते कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. पण ज्या अर्जाची पोचच नाही, त्याचे काय झाले हे कुणाला कसे विचारणार?

आमच्या गावाचा चौथा अर्ज पुढच्या माघात गेला. दिवाळीनंतर बोडी आटू लागताच लोकांनी गाळ मोजला होता. पट्ट्याची प्रत, ठराव, मापांचा कागद आणि शाळेच्या मुलांनी काढलेला नकाशा अशी चार पाने जोडली होती. नकाशात मुलांनी बोडीवर येणारी अस्वलेसुद्धा काढली होती, ती आम्ही पुसू दिली नाहीत. अभियंता पाहायला आला. त्याच्या फीत्यात आणि गावाच्या दोरीत थोडाच फरक निघाला. पावसाच्या आधी पाळ झाली. चर निम्मेच झाले. राहिलेले पुढच्या वर्षीवर गेले. जाळरेषा गावाने अबंध निधीतून काढली.

त्या अर्जाचा मजकूर खाली देत आहोत. गाळलेल्या जागी आपल्या गावाची माहिती भरून घ्या.

"आम्ही ............ गावच्या ग्रामसभेचे लोक अर्ज करतो की, आमच्या सामूहिक वनात, कक्ष क्रमांक ........ मध्ये, ............ नावाची बोडी आहे. तिच्यात गाळ भरला असून पाळ खचली आहे. गाळ काढणे, पाळ बांधणे, वरच्या उतारावर चर खणणे व झाडे लावणे, ही कामे करावयाची आहेत. आम्ही केलेली मापे सोबत जोडली आहेत. जागेची पाहणी करून अंदाजपत्रक करावे. दिनांक ........ च्या ग्रामसभेत ...... बाया व ...... पुरुष हजर असताना हा ठराव झाला. काम झाल्यावर पाळीची व झाडांची राखण ग्रामसभा करील, त्यासाठी पाच जणांची समिती नेमली आहे. या अर्जात काही उणे असेल तर सर्व उणिवा एकाच वेळी लेखी कळवाव्या. सोबत : पट्ट्याची प्रत, ठराव, मापे, नकाशा. सह्या व अंगठे."